रावेरची केळी पाचोऱ्यात : ‘आर’मधल्या डिमनेम्सच्या चुका कशा शोधाव्यात

तालुकानिहाय आकडे घेऊन ‘आर’मध्ये काम सुरू केलं की पहिल्या काही दिवसांतच लाल अक्षरांत एक ओळ समोर येते : ‘लेंग्थ ऑफ डिमनेम्स [१] नॉट इक्वल टू अ‍ॅरे एक्स्टेंट’. जळगावला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारे, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात प्रबंधासाठी प्लॉटच्या नोंदी ठेवणारे, संस्थेच्या कामासाठी जनगणनेचे तक्ते चाळणारे, सगळ्यांनाच ती कधी ना कधी भेटते. बहुतेक जण नावांची यादी कमी-जास्त करून पाहतात आणि लाल ओळ गेली की पुढे जातात. माझं म्हणणं असं, की लाल ओळ घालवणं हा कामाचा लहान भाग आहे. ज्या आकड्यावर जे नाव बसलं ते त्याचंच आहे का, हे तपासणं मोठा भाग, आणि त्या बाबतीत ‘आर’ तुम्हाला काहीही सांगणार नाही.

(आज्ञा आणि एरर इथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच असतात.)

आधी अ‍ॅरेची रचना पक्की करू. धुळे जिल्हा घ्या. तालुके चार : धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर. पिकं तीन : कापूस, बाजरी, मका. वर्षं दोन. एका रजिस्टरची कल्पना करा. पानावर आडव्या ओळी तालुक्यांच्या, उभे रकाने पिकांचे, आणि प्रत्येक वर्षाला एक पान. चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे २४ घरं. ‘डिम’ विचारलं तर ‘आर’ ४, ३, २ असं उत्तर देतं. ‘डिमनेम्स’ ही एक लिस्ट असते आणि तिच्यात तीन याद्या याच क्रमाने असाव्या लागतात : आधी चार तालुक्यांची, मग तीन पिकांची, मग दोन वर्षांची.

आता वरचा एरर पुन्हा वाचा. चौकटी कंसातला १ म्हणजे पहिली बाजू, तालुक्यांची. तिथे घरं चार आहेत आणि तुम्ही नावं चार दिलेली नाहीत. कंसात ३ असता तर वर्षांच्या यादीत गडबड. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा शोध संपतो, कारण अनेक जण चूक पहिल्या यादीत असताना तिसरी यादी तपासत बसतात.

याच्या जवळचा दुसरा एरर फसवा आहे : ‘लेंग्थ ऑफ डिमनेम्स [३] मस्ट मॅच दॅट ऑफ डिम्स [२]’. इथेही कंसात आकडे आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा. तुम्ही तीन याद्या दिल्या आणि वस्तूला बाजू दोनच आहेत, असं तो सांगतो. म्हणजे जिला तुम्ही तीन बाजूंचा अ‍ॅरे समजत होता ती साधी मॅट्रिक्स आहे. आदल्या एखाद्या ओळीत तुम्ही एकच वर्ष निवडलंत आणि ‘आर’ने तिसरी बाजू परस्पर काढून टाकली, हे त्याचं नेहमीचं कारण. उलट प्रकार मात्र बिनबोभाट चालतो. बाजू तीन आणि याद्या दोनच दिल्या तर एरर येत नाही, तिसरी बाजू बिननावाची राहते. वर्षाचं नाव घालून पान मागायला जाल तेव्हाच ते कळतं.

‘डिमनेम्स मस्ट बी अ लिस्ट’ आला तर याद्या ‘लिस्ट’मध्ये न घालता ‘सी’मध्ये घातल्या आहेत. ‘डिमनेम्स अप्लाइड टू नॉन-अ‍ॅरे’ आला तर ज्याला नावं देताय त्याला बाजूच नाहीत, ती आकड्यांची सरळ रांग आहे. एखाद्या बाजूला नावं द्यायचीच नसतील तर त्या जागी ‘नल’ लिहा. जागा रिकामी सोडू नका.

यांपैकी कोणताही एरर आला की हात लगेच यादीकडे जाऊ देऊ नका. आधी दोन गोष्टी एकाखाली एक छापून घ्या : वस्तूचा ‘डिम’ आणि नावांच्या लिस्टवर चालवलेलं ‘लेंग्थ्स’. एकात ४ ३ २ आणि दुसऱ्यात ३ ३ २ दिसलं की साक्री लिहायचा राहिला हे डोळ्यांनीच कळतं.

पण कधी कधी संख्या जुळत नाही याचं कारण टंकलेखनात नसतं, जिल्ह्याच्या इतिहासात असतं. खानदेशात हे वारंवार घडतं. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिमेकडच्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे १९९१च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याखाली दहा तालुके सापडतात आणि २००१पासून चार. नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी आणि खुद्द नंदुरबार हे सहा तिकडे गेले. जळगावात उलट झालं, धरणगाव आणि बोदवड हे तालुके १९९१नंतर वेगळे निघाले आणि तेरा तालुक्यांचे पंधरा झाले. ज्याने १९९१चा तक्ता वाचून त्यावर आजच्या चार किंवा पंधरा तालुक्यांची नावं चढवायचा प्रयत्न केला त्याला ‘नॉट इक्वल टू अ‍ॅरे एक्स्टेंट’ येणारच, आणि यायलाच हवा.

इथे सगळ्यात वाईट उपाय म्हणजे पहिल्या चार ओळी ठेवून बाकीच्या उडवणं. जुन्या तक्त्यात पहिले चार कोणते होते हे न पाहता ते केलं जातं. आधी ठरवा, तुलना कोणत्या हद्दीवर करायची आहे. आजच्या धुळे जिल्ह्यावर करायची तर जुन्या दहांतून हेच चार नावाने निवडा. जुन्या अखंड जिल्ह्यावर करायची तर नव्या वर्षांत नंदुरबारचे सहा मिळवा. जळगावसाठी धरणगावचे आकडे एरंडोलमध्ये मिळवून जुन्या तालुक्याच्या जवळ जाता येतं. तसं केलं असेल तर अहवालात ते स्पष्ट लिहा. हा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो आणि तो घेतल्यावर डिमनेम्स आपोआप जुळतात.

संख्या न जुळण्याचं आणखी एक कारण म्हणजे फॅक्टर. संपूर्ण महाराष्ट्राची फाइल वाचली, त्यातून जळगाव जिल्ह्याच्या ओळी गाळून घेतल्या आणि ‘टेबल’ केलं. ओळी पंधरा तालुक्यांच्याच उरल्या, तरी तालुक्याचा कॉलम फॅक्टर असेल तर राज्यातल्या उरलेल्या सगळ्या तालुक्यांची नावं त्याच्या लेव्हल्समध्ये तशीच राहतात. तक्त्यात शेकडो शून्याच्या ओळी येतात आणि तुमची पंधरा नावं त्यावर बसत नाहीत. गाळणीनंतर ‘ड्रॉपलेव्हल्स’ एकदा चालवलं की प्रश्न मिटतो. एप्रिल २०२०मध्ये आलेल्या आर ४.०.०पासून फाइल वाचताना मजकुराचे कॉलम आपोआप फॅक्टर होत नाहीत. म्हणून जुन्या पुस्तकातला कोड आज वेगळा वागतो, आणि जुन्या संगणकावर चाललेला कोड मित्राच्या नव्या लॅपटॉपवर अडतो. दोघांच्या ‘आर’च्या आवृत्त्या आधी विचारून घ्या.

आता ज्या चुकीसाठी मुख्यतः हा लेख लिहितो आहे तिच्याकडे येतो. संख्या बरोबर, एरर नाही, आणि तरीही नावं चुकीच्या आकड्यांवर.

जळगाव जिल्ह्याचे पीकक्षेत्राचे आकडे एका लांब फाइलमध्ये आहेत : एका ओळीत तालुका, पीक, वर्ष, क्षेत्र. तुम्ही ‘एक्सटॅब्स’ किंवा ‘टीअ‍ॅप्लाय’ने त्याचा तक्ता केला. ही फंक्शनं तालुके रोमन वर्णक्रमाने लावतात : अमळनेर पहिला, भडगाव दुसरा, आणि शेवटी रावेर चौदावा, यावल पंधरावा. नंतर तुम्हाला ती नावं नीट दिसेनात म्हणून जनगणनेच्या यादीतली नावं उचलून ‘रोनेम्स’मध्ये टाकली. त्या यादीचा क्रम भौगोलिक आहे, ती चोपडा, यावल, रावेर अशी सुरू होते आणि पाचोरा, जामनेरवर संपते. पंधरा घरं, पंधरा नावं. ‘आर’ने काही हरकत घेतली नाही. आता रावेरची केळी पाचोऱ्याच्या नावावर गेली आणि यावलची जामनेरच्या. केळीचा पट्टा तापीकाठी रावेर-यावल-चोपडा असा आहे हे ज्याला माहीत आहे तो तक्ता पाहून थबकेल. पण तोच तक्ता पुण्या-मुंबईत बसलेल्या परीक्षकाकडे गेला तर तो निमूटपणे पुढे सरकेल.

याहूनही बारीक प्रकार धुळ्यात होतो. शिंदखेडा हे नाव रोमनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, ‘एस’नंतर ‘एच’ घालून आणि न घालता. ‘एच’ घातला तर वर्णक्रम धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर असा येतो. न घातला तर शिरपूर आधी आणि शिंदखेडा शेवटी जातो. एका वर्षाची फाइल एका स्पेलिंगची, दुसऱ्या वर्षाची दुसऱ्या स्पेलिंगची, आणि दोन्हींवर तुम्ही एकच ठरलेली यादी चढवली, तर एका वर्षात दोन तालुक्यांची अदलाबदल होते. तक्ता इतका लहान की कुणाला शंकाही येत नाही.

मुक्ताईनगरचं उदाहरण तर वर्गात शिकवावं असं आहे. या तालुक्याचं जुनं नाव एदलाबाद. जुन्या यादीत वर्णक्रमाने एदलाबाद आठव्या जागी येतो, धरणगावनंतर आणि एरंडोलच्या आधी. नव्या यादीत मुक्ताईनगर अकरावा येतो. मधले एरंडोल, जळगाव, जामनेर एकेक जागा वर सरकतात. आता तुम्ही दोन जनगणनांमधली वाढ काढायला नव्या रांगेतून जुनी रांग वजा केली. ‘आर’ वजाबाकी करताना नावं जुळवत नाही, जागा जुळवतं, आणि उत्तरावर पहिल्या रांगेची नावं लावतं. परिणाम असा : एरंडोलमधून एदलाबाद वजा झाला, जळगावमधून एरंडोल, जामनेरमधून जळगाव, मुक्ताईनगरमधून जामनेर. उरलेले अकरा तालुके बरोबर. जामनेरची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली दिसते आणि जळगाव तालुक्याची अवाच्या सवा वाढलेली.

बेरजेने ही चूक सापडत नाही, हे नीट समजून घ्या. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३६,८२,६९० होती, २०११ साली ४२,२९,९१७. वाढ ५,४७,२२७. तुमच्या चुकलेल्या तक्त्यातल्या पंधरा वाढींची बेरीजही बरोबर एवढीच येईल, कारण आकडे सगळे आहेत, फक्त एकमेकांच्या घरात गेले आहेत. जिल्ह्याच्या बेरजेशी ताळा जमला म्हणून सुटकेचा श्वास सोडणारे खूप आहेत. बेरजेचा ताळा गळालेले किंवा दुप्पट झालेले आकडे पकडतो, सरकलेली नावं पकडत नाही.

त्यासाठी ओळखीचं घर तपासावं लागतं. जळगाव महापालिकेची लोकसंख्या २०११ साली ४,६०,२२८ होती, तेव्हा जळगाव तालुक्याच्या घरातला आकडा त्याहून कमी असूच शकत नाही. एरंडोल तालुका त्या मानाने कितीतरी लहान, म्हणून नाव सरकलं असेल तर ते त्या एका घरातच उघडं पडतं. पिकांच्या तक्त्यात रावेरची केळी पाहा. प्रत्येक तक्त्यासाठी अशी दोन-तीन ओळखीची घरं आधी वहीत लिहून ठेवा आणि कोडमध्येच ‘स्टॉपइफनॉट’ने ती अट घाला. अट मोडली की कोड थांबतो, मग तुम्ही घाईत असा किंवा नसा. गावच्या शेतीची, बाजाराची, वस्तीची जी माहिती तुम्हाला सहज आहे तिचा सांख्यिकीत असा थेट उपयोग होतो, आणि खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी ती कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं.

उपायाची मूळ गोष्ट एकच : नावं हाताने चढवू नका, ती डेटातूनच येऊ द्या. लांब फाइलवर ‘एक्सटॅब्स’ चालवलं की आकडा आणि नाव एकाच ओळीतून येतात, त्यांची ताटातूट होत नाही. क्रम बदलायचा असेल तर नवी नावं लिहू नका, जुन्या नावांनी घरं मागा. म्हणजे कंसात तुमच्या पसंतीच्या क्रमाने नावं लिहा, ओळी त्या क्रमाने नावासकट येतील. एखादं नाव चुकलं तर ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ येईल. हा एरर अनेकांना त्रासदायक वाटतो. पण ‘रोनेम्स’मध्ये यादी ओतली असती तर तो आला नसता आणि चूक आत राहिली असती.

वजाबाकीच्या आधी दोन्ही बाजूंचे तालुके ‘सेटडिफ’ने दोन्हीकडून तपासा. नव्यात आहे पण जुन्यात नाही ते कोण, आणि जुन्यात आहे पण नव्यात नाही ते कोण. एकदाच करून भागत नाही, कारण ‘सेटडिफ’ एकाच दिशेने पाहतं. मुक्ताईनगर आणि एदलाबाद तिथे समोरासमोर दिसतील. मग स्पेलिंगची एक जुळणी फाइल करा : डावीकडे फाइलमध्ये जसं सापडलं तसं नाव, उजवीकडे तुमचं ठरलेलं नाव. ही छोटी फाइल वर्षानुवर्षं कामाला येते, मित्रांनाही देता येते. दोन्हीकडे नावं एक झाली की जुनी रांग नव्या रांगेच्या नावांनी मागून घ्या आणि मगच वजा करा.

जळगाव आणि धुळे यांचे दोन तक्ते एकाखाली एक लावतानाही हेच. मॅट्रिक्सवर ‘आरबाइंड’ केलं तर कॉलमची नावं पहिल्या तक्त्याची लागतात. दुसऱ्यात बाजरी आणि कापूस यांचा क्रम उलटा असला तरी कोणी विचारत नाही. डेटा फ्रेमवर तेच ‘आरबाइंड’ कॉलमची नावं पाहून जुळवतं. म्हणून शक्य तोवर तक्ते डेटा फ्रेम असतानाच जोडा आणि अ‍ॅरे सर्वांत शेवटी करा.

नाव डोळ्यांना बरोबर दिसतं आणि तरीही ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ येतो, तेव्हा काय करावं? सगळ्यात आधी वर्ष तपासा. डिमनेम्समधलं प्रत्येक नाव मजकूर असतं. २०११ हे अवतरण चिन्हांत लिहिलं तर ‘आर’ २०११ नावाचं पान शोधतं. चिन्हं विसरलात तर दोन हजार अकरावं पान शोधतं, आणि तुमच्या रजिस्टरला पानं दोनच. जनगणनेच्या जिल्हा क्रमांकांचंही तसंच. २०११मध्ये नंदुरबार ४९७, धुळे ४९८ आणि जळगाव ४९९ होता. हे क्रमांक नावं म्हणून वापरणं चांगलं, पण अवतरण चिन्हांतच. दुसरं, वर्षं कॉलमच्या शीर्षकात असतील तर ‘रीड.सीएसव्ही’ त्यांच्या आधी एक ‘एक्स’ चिकटवतं. वाचताना ‘चेक.नेम्स’ला ‘फॉल्स’ दिलं की चिकटवत नाही.

तिसरं, मोकळी जागा. साक्रीच्या शेवटी एक स्पेस राहिलेली असते, ‘ट्रिमडब्ल्यूएस’ ती काढतं. पीडीएफमधून किंवा वेबपानावरून उचललेल्या तक्त्यात मात्र वेगळ्या जातीची, न तुटणारी स्पेस येते आणि नेहमीचं ‘ट्रिमडब्ल्यूएस’ तिला हात लावत नाही. त्यासाठी त्याच्या ‘व्हाइटस्पेस’ या आर्ग्युमेंटमध्ये सर्व प्रकारच्या जागांचा नमुना द्यावा लागतो. ‘ट्रिमडब्ल्यूएस’च्या मदत पानावर तो तयार लिहिलेला आहे. संशय आला तर ‘एनकॅर’ने नावाची लांबी मोजा. रोमनमधला साक्री पाच अक्षरांचा हवा, सहा आली तर आत काहीतरी लपलं आहे.

देवनागरीत नावं ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जास्त. शिंदखेडा अनुस्वाराने लिहिणं आणि ‘न्’ जोडून लिहिणं ही संगणकासाठी दोन वेगळी नावं आहेत. आणि जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत दुसऱ्याच खुणा असतात; तो आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय कशाशीच जुळणार नाही. विंडोजवर एप्रिल २०२२मधल्या आर ४.२.०पासून यूटीएफ-८ थेट चालतं, त्यामुळे प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसण्याचा त्रास बराच कमी झाला. जुनी आवृत्ती असेल तर देवनागरीशी झुंजण्याआधी ती बदला.

नावांची पुनरावृत्तीही पाहा. मॅट्रिक्समध्ये एकच नाव दोन ओळींना चालतं आणि नावाने मागितलं तर पहिलीच ओळ मिळते, दुसरीचा पत्ता लागत नाही. तालुक्यांच्या पातळीवर एका जिल्ह्यात हे होत नाही, पण गावांच्या पातळीवर एकाच नावाची गावं वेगवेगळ्या तालुक्यांत असतातच. तिथे गावाचं नाव कधीही डिमनेम म्हणून वापरू नका, जनगणनेचा गाव क्रमांक वापरा. ‘एनीडुप्लिकेटेड’ शून्य देतं का ते पाहून पुढे जा.

शेतीच्या प्रयोगांत वर्णक्रमाची आणखी एक खोड आहे. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतकी सांख्यिकीचं पुस्तक १९५४मध्ये निघालं, तेव्हापासून कृषी महाविद्यालयांत ट्रीटमेंट आणि रेप्लिकेशनची मांडणी पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. ट्रीटमेंटला टी१, टी२ अशी नावं देणं हाही तोच संस्कार. बारा ट्रीटमेंट असतील तर ‘आर’ त्या टी१, टी१०, टी११, टी१२, टी२, टी३ अशा लावतं. यावर वहीतला क्रम चढवला की दहावी ट्रीटमेंट दुसरी होते. नियंत्रण प्लॉट शेवटी टी१२ ठेवला असेल तर तो चौथ्या जागी जातो, आणि मग कोणत्या खताने उत्पन्न वाढलं याचं उत्तरच बदलतं. नोंदी घेतानाच टी०१, टी०२ असं लिहा. वही आधीच भरली असेल तर ‘फॅक्टर’मध्ये ‘लेव्हल्स’ स्वतः क्रमाने लिहून द्या.

ज्यांना लांब फाइल न मिळता तयार चौकोनी तक्ताच हाताने भरावा लागतो त्यांनी ‘आर’ घरं कशी भरतं हे माहीत करून घ्यावं. ते पहिली बाजू सर्वांत आधी संपवतं, म्हणजे वरून खाली जातं, मग पुढचा रकाना, मग पुढचं पान. फोरट्रानपासून आलेली ही पद्धत आहे. आपण मात्र छापील तक्ता डावीकडून उजवीकडे वाचत टाइप करतो : धुळे कापूस, धुळे बाजरी, धुळे मका. तसेच आकडे ‘अ‍ॅरे’ला दिले तर धुळ्याची बाजरी साक्रीच्या कापसाच्या घरात बसते. ‘मॅट्रिक्स’मध्ये ‘बायरो’ आहे, ‘अ‍ॅरे’मध्ये तशी सोय नाही. तिथे बाजू उलट्या क्रमाने भरून ‘एपर्म’ने फिरवाव्या लागतात. हे बरोबर जमलं का ते खऱ्या आकड्यांवर पाहू नका. आधी चाचणीचे आकडे घाला : शतकस्थानी तालुका, दशकस्थानी पीक, एककस्थानी वर्ष. २३१ हा आकडा दुसऱ्या तालुक्याच्या, तिसऱ्या पिकाच्या, पहिल्या वर्षाच्या घरात सापडला तर मांडणी बरोबर. नाही सापडला तर कोणती बाजू कुठे गेली हे त्याच आकड्यावरून वाचता येतं.

‘अ‍ॅप्लाय’बद्दल थोडं. प्रत्येक तालुक्यात प्रत्येक पिकाचा टक्का काढायला ओळींवर ‘अ‍ॅप्लाय’ चालवलं की उत्तर आडवं होऊन येतं, तालुके कॉलममध्ये आणि पिकं ओळींत. चार तालुके आणि तीन पिकं असतील तर तालुक्यांची नावं ओळींना देताना एरर येईल आणि तुम्ही वाचाल. चार तालुके आणि चार पिकं असतील तर काहीच येणार नाही. चौरस तक्ता दिसला की जास्त सावध राहा. टक्क्यांसाठी ‘प्रॉप.टेबल’ वापरा, ते बाजू जागच्या जागी ठेवतं.

एक पीक किंवा एक वर्ष निवडताना बाजू गळू नये म्हणून कंसात ‘ड्रॉप’ला ‘फॉल्स’ द्या. फंक्शनच्या आत तर ते नेहमीच द्यावं, कारण आज तीन वर्षांवर चालणारं फंक्शन उद्या कोणीतरी एका वर्षावर चालवतो आणि मग ‘इनकरेक्ट नंबर ऑफ डायमेन्शन्स’ येतो.

‘एक्सटॅब्स’ वापरताना शून्याकडे लक्ष असू द्या. ज्या जोडीची नोंदच नाही तिथेही ते शून्य लिहितं. ‘टीअ‍ॅप्लाय’ तिथे ‘एनए’ ठेवतं. साक्रीत केळी शून्य हेक्टर असणं आणि साक्रीचा केळीचा आकडा फाइलमध्ये नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच नोंद फाइलमध्ये दोनदा आली असेल तर ‘एक्सटॅब्स’ गुपचूप बेरीज करतं, म्हणून आधी साधं ‘टेबल’ करून एकाहून मोठा आकडा कुठे आहे का ते पाहा.

शेवटची एक सवय लावून घ्या : बाजूंनाही नाव द्या. लिस्टमधल्या तिन्ही याद्यांना ‘तालुका’, ‘पीक’, ‘वर्ष’ अशी नावं दिली की ‘अ‍ॅप्लाय’मध्ये १ आणि ३ असे आकडे लिहिण्याऐवजी तालुका आणि वर्ष असं लिहिता येतं. बाजूंचा क्रम पुढे बदलला तरी कोड बरोबर चालतो. हे कसं दिसतं ते पाहायचं असेल तर ‘आर’सोबतच येणारा ‘यूसीबीअ‍ॅडमिशन्स’ हा अ‍ॅरे उघडा. बर्कलीच्या १९७३च्या प्रवेशांचा तो तक्ता आहे, ४,५२६ अर्जदार, दोन गुणिले दोन गुणिले सहा घरं, आणि प्रवेश, लिंग, विभाग अशी तिन्ही बाजूंना नावं. सराव त्याच्यावर करा. मग धुळ्याचा तुमचा अ‍ॅरे ‘अ‍ॅझ.डेटा.फ्रेम.टेबल’ने पुन्हा लांब करून मूळ फाइलशेजारी ठेवा आणि ‘मर्ज’ने ओळीला ओळ जुळवा. बाजूंना नावं दिली नसतील तर कॉलम व्हार१, व्हार२, व्हार३ असे येतील आणि ‘मर्ज’ला धागाच सापडणार नाही. दिली असतील तर २४ ओळी मूळ आकड्यांसकट परत यायला हव्यात, आणि एकही ओळ वेगळी निघाली तर अहवाल पाठवायचा थांबवून तीच ओळ आधी शोधा.